बहिणीच्या हळदीला तापवलेली गाडी

माझ्या बहिणीची हळद वेळेवर लागली ती हिराबाय धवलारणीमुळे, आणि ती लागणारच नव्हती ती माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणाला माझ्याबद्दल उगाच आशा वाटायला नको.

हिराबाय सरळगावच्या पुढच्या एका पाड्यावर राहते. वय सत्तरीचं. उभी राहिली तर माझ्या खांद्याला लागते, पण गायला लागली की तीन पाड्यांना ऐकू जाते. आमच्या शहापूर-मुरबाडकडे लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण. ती धवले म्हणते, म्हणजे लग्नाची गाणी. तिच्या गाण्याशिवाय नवरीला हळद लागत नाही आणि देवसुद्धा मांडवात यायला तयार होत नाहीत (असं आई म्हणते, देवांना कुणी विचारलेलं नाही). आता गावोगाव डीजे आले, धवलारणी मोजक्या उरल्या. त्यामुळे मार्गशीर्षात हिराबाय मिळणं म्हणजे नशीबच. आईच्या हळदीला हिराबायच्या सासूने गायलं होतं, म्हणून काजलला, म्हणजे माझ्या बहिणीला, हिराबायच पाहिजे होती. "डीजे नसला तरी चालंल, पन हिराबाय पायजे," असं म्हणणारी ती आमच्या गावातली पहिलीच कॉलेज शिकलेली पोरगी.

हिराबायची अट एकच होती. त्याच दिवशी मुरबाडला तिची दुसरी हळद होती.

"सकाली आठच्या आत तुमची गाडी माज्या दारात आली तर आधी तुमची हलद," तिने आईला बजावलं होतं. "आठ वाजून गेले तर मी वाट बगनार नाय. मुरबाडवाल्यांची गाडी साडेआठला येते. तिच्यात बसली का दिवसभर तिकरंच."

आणि तिला आणायचं काम माझ्याकडे होतं. अख्ख्या लग्नात मला तेवढं एकच काम दिलेलं होतं. कारण मी लग्नाच्या तीन दिवस आधी आलो होतो, आणि तेही लांबून. आठवीनंतर शाळा सुटली. (नापास नाही झालो. नापास व्हायला परीक्षेला बसावं लागतं.) मग मुरबाडच्या एका गॅरेजात दोन वर्षं पाने पुसले, क्लीनर झालो, ड्रायव्हर झालो, आणि होत होत पार हिमाचलात पोचलो. सहा वर्षं झाली, पाहुण्यांना बर्फ दाखवायला नेतो. त्यामुळे खर्डीजवळच्या आमच्या गावात मला मान फार. "आमचा गुरुनाथ बर्फात गाडी चालवतो," असं बापूस सगळ्यांना सांगतो. तिथे मी रोज किती घाबरतो ते मी बापसाला सांगत नाही.

घाबरणं माझ्या अंगातच आहे. खोलीचं कुलूप मी तीनदा ओढून बघतो. घरी येताना गाडीत तिकीट इतक्या वेळा खिशातून काढून बघितलं की टीसीला वाटलं ते खोटं आहे. त्याने माझंच तिकीट दोनदा तपासलं!

तर गाडी होती बाळारामकाकाची. काका म्हणजे बापसाचा धाकटा भाऊ, आणि गाडी म्हणजे त्याची जुनी डिझेल जीप. तिचा डिझेलचा काटा कैक वर्षांपूर्वी अर्ध्यावर मेला तो मेलाच. काकाने आदल्या संध्याकाळी कॅनमधलं दोन लिटर डिझेल टाकीत ओतलं आणि मला म्हणाला, "शापूरच्या पंपापर्यंत बरोबर पोचतंस. तिथं भर आन मग पुढं जा. काट्याकडं बगू नको, तो कवापासून खोटं बोलतो."

"हो काका."

"सहाला निघ. दीड तासात पोचतंस. अर्धा तास हातात रातो."

"हो काका."

सगळं कसं अगदी बिनचूक ठरलं होतं. फक्त त्या बिनचूक बेतात मी होतो.

पहाटे पाचला उठलो तर माहुलीच्या डोंगराकडून असा गार वारा येत होता की मांडवाचं कापड कुडकुडत होतं. तोंडातून वाफ निघाली. आणि ती वाफ बघितली मात्र, मला तिकडे बर्फात गाडी शिकवणारे आमचे उस्ताद आठवले. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात मी गार गाडी तशीच हाणली होती. ती अर्ध्या चढावर बंद पडली, आत चार पाहुणे, बाहेर बर्फ. त्या दिवशी उस्तादांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही (मांडवात आहोत). तेव्हापासून मी थंडीत गाडी तापवल्याशिवाय हलवत नाही. पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं!

मी जीप सुरू केली. ती खोकली, थरथरली, काळा धूर सोडून धडधडायला लागली. मी हात चोळत बाजूला उभा राहिलो.

काका अंगावर चादर घेऊन बाहेर आला. "निगालास?"

"नाय काका. तापवतोय."

"काय?"

"गाडी. इंजिन गार असलं का ऑइल जाड होतं. आधी तापवावं लागतं."

काकाने आकाशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, जीपकडे बघितलं. "अरे, चाय हाय काय ती, उकली येवाला? इथं कुठं बर्फ परलाय? चालू कर आन पलव! जाता जाता तापते."

"काका, तिकडं आमचे उस्ताद..."

"तुजा उस्ताद कंदी खर्डीला आलाय?"

नव्हता आला. पण माझ्या डोळ्यांसमोर ती चढावरची गाडी होती, आणि आता तर आत हिराबाय बसणार होती! सत्तर वर्षांची बाई किन्हवलीच्या रस्त्यावर माझ्यामुळे अडकली तर? मी म्हटलं, पंधरा मिनिटंच. काकाने हात झटकले आणि तो तोंड धुवायला गेला.

तेवढ्यात आमच्या शेजारचे काथोडबाबा आले. म्हातारा माणूस, मांडवात झोपलेला, थंडीने वाकलेला. त्यांनी नुसता बॉनेटला हात लावला आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जणू देव भेटला.

"अरे, हा तर गरम हाय!"

त्यांनी दोन्ही हात ठेवले. मग गाल टेकवला. मग हाळी दिली, "उठा रे! गुरुनाथनी शेकोटी पेटवलीय, बिनधुराची!" (धूर होता. मागच्या बाजूला होता. मागच्या बाजूला माझी मावसभावंडं झोपली होती, ती खोकत उठली.)

दहा मिनिटांत जीपभोवती पंधरा माणसं. कुणी हात शेकतंय, कुणी पाठ. कुणी चहाचे पेले आणून बॉनेटवर ठेवले. पोरं पुढच्या बंपरवर चढून बसली. आणि सगळे माझं कौतुक करताहेत!

"पोरगा शिकून आलाय बगा."

"शिकून कसला? आठवीला सोरली ना त्यानी."

"सालंत नाय रे. बर्फात शिकलाय, बर्फात!"

आता सांगा, आयुष्यात पहिल्यांदाच 'शिकलाय' असं कुणी म्हटलं माझ्याबद्दल. अशा वेळी कुणी इंजिन बंद करेल? मी उलट मधूनमधून आत हात घालून ॲक्सिलेटर दाबायला लागलो. घुर्र्र! बॉनेट आणखी गरम. टाळ्या!

सव्वापाच झाले. साडेपाच झाले. पावणेसहाला मी घसा खाकरला. "चला, सरका जरा. मला निगायचंय."

आणि तेव्हाच सुमनमावशी आली. आईची थोरली बहीण. हळदीचं जेवण म्हणजे तिचं राज्य. दोन्ही हातांत हे एवढं मोठं पातेलं, वर फडकं, त्यावर गोधडी.

"थांब रे बाला. हे इथं ठेवू दे."

"मावशी, काय हाय ते?"

"वड्यांचं पीठ. राती भिजवलंय, पन या थंडीत फुगलंच नाय बग! दगड होऊन बसलंय नुसतं. चुलीजवल ठेवलं तर एक बाजू भाजली. तुजी गाडी बरोबर गरम हाय." आणि तिने पातेलं बॉनेटच्या मधोमध ठेवून दिलं.

"मावशी, मला सहाला..."

"मंग सहाला जा ना! आजून हायेत की पंधरा मिन्टं. गाडी बंद करू नको हां. पीठ बसंल."

हळदीचे वडे फुगले नाहीत तर पाहुणे वर्षभर बोलतात हे मला ठाऊक होतं. मी इंजिन चालूच ठेवलं. सहा वाजले. मावशीने फडकं उचलून बोट घातलं. "आजून नाय." सहा दहा. "आलंय, पन थोरं." मी घड्याळ बघतोय, मावशी पीठ बघतेय, काथोडबाबा पाठ फिरवून दुसरी बाजू शेकताहेत, आणि मी घाबरून घाबरून ॲक्सिलेटर दाबतोय, की पीठ लवकर फुगावं!

साडेसहाला मावशीने फडकं उचललं आणि ओरडली, "फुगलं गो बायांनो!" सगळा मांडव हसला. पीठ खरंच पातेल्याच्या काठावर आलं होतं. त्याला बघून मलाही बरं वाटलं. मी मनात हिशोब केला: आता जोरात नेली तर आठला पाच कमी असताना पोचतो. पातेलं उतरवलं, पोरं उतरवली, काथोडबाबांना अक्षरशः सोलून काढावं लागलं. मी बसलो, गिअर टाकला, जीप ऐटीत निघाली...

मांडवाच्या दारापर्यंत. तिथे ती दोनदा उचकली आणि बंद पडली.

मी चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. काका तोंडाला टॉवेल लावून हळूहळू चालत आला. त्याने टाकीचं झाकण उघडलं, वाकून आत बघितलं, आणि तसाच वाकलेला राहून मला विचारलं, "गुरुनाथ, गाडी किती टाइम चालू होती?"

"दी... दीड तास."

"दोन लिटर डिझेल होतं रे."

काथोडबाबा म्हणाले, "मंग काय? मोटरसायकलीतलं काढून घाला."

"बाबा, ते पेट्रोल हाय."

"गरम तर तेवरंच होईल ना?"

डिझेलच्या गाडीचं आणखी एक दुखणं असतं. टाकी कोरडी पडली की पाइपात हवा धरते. मग नुसतं डिझेल ओतून भागत नाही, हवा काढत बसावं लागतं. म्हणजे एक तास गेलाच. "मंग मांडववाल्याचा टेम्पो ने," काका म्हणाला. चांगला विचार होता. टेम्पो अंगणातच उभा होता. फक्त बाहेर पडायच्या एकुलत्या एका वाटेत माझी जीप होती! दहाजणांनी मिळून जीप ढकलली, "हैश्या!" म्हणून, आणि तिचं पुढचं चाक अलगद एका खड्ड्यात गेलं. मांडवाच्या खांबासाठी खणलेला, मग नको म्हणून सोडलेला. आता ती ना पुढे, ना मागे. पाहुणे पोट आत ओढून, आडवे होऊन, केळीच्या खुंटाला घासत मांडवात यायला लागले.

सत्तरीच्या बाईला या थंडीत दीड तास मोटरसायकलवर आणता येणार नव्हतं, म्हणून काका कॅन घेऊन मोटरसायकलवर हायवेच्या पंपाकडे गेला. जाताना त्याने जीपची चावी काढून घेतली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काजल दारात आली. केस मोकळे, जुनं पातळ, हळदीची नवरी. तिने जीप बघितली, खड्डा बघितला, मला बघितलं.

"दादा, तुला एकच काम दिलं होतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. सहा वर्षांत तिच्या एकाही वाढदिवसाला मी घरी नव्हतो. ती बारावी झाली, कॉलेजात गेली, मी फोनवरच. आणि तिने मागितलेली एकच गोष्ट मी बॉनेटवर शिजवून खाल्ली होती.

"रडू नको रे," ती म्हणाली. "हलद माजी हाय का तुजी? फोन लाव तिला."

मी फोन लावला. तीनदा उचलला नाही. चौथ्यांदा हिराबायचा आवाज आला आणि मी फोन कानापासून वीतभर लांब धरला.

"कोन?"

"आजी, मी गुरुनाथ. खर्डीकडचा. तुमाला आनायला..."

"कुठं पोचलास?"

"अंगनात."

"माज्या? मंग दिसत कसा नाय?"

"नाय आजी. आमच्या."

मग मी सगळं सांगितलं. थंडी, ऑइल, उस्ताद, काथोडबाबा, पीठ, डिझेल, खड्डा. मध्येमध्ये माफी मागितली, अकरा-बारा वेळा. हिराबायने सगळं ऐकून घेतलं.

"पीठ फुगलं क?" तिने विचारलं.

"फुगलं."

"बरं." आणि फोन बंद!

मी परत लावला, तर स्विच ऑफ. साडेसात झाले. आठ झाले. काका डिझेल घेऊन आला, आम्ही हवा काढत बसलो, पण माझं लक्ष पान्यापेक्षा घड्याळाकडेच होतं. साडेआठ वाजले तेव्हा मी पाना खाली ठेवला. त्या वेळी मुरबाडवाल्यांची गाडी तिच्या दारात आली असणार. आई चुलीपाशी बसली होती. मला नुसतं म्हणाली, "चाय घे." कुणीतरी हळूच म्हणालं, "मोबाइलवर गानी लावू." काजल आत गेली आणि दार लोटून घेतलं.

दहाच्या सुमाराला रस्त्यावर हॉर्न वाजला. एक पांढरी गाडी धूळ उडवत आली आणि आमच्या जीपच्या नाकाला नाक लावून थांबली. पुढचं दार उघडलं. आधी एक काठी आली, मग हिरवं लुगडं, मग हिराबाय.

तिच्या मागून टोपी घातलेला एक जाडा माणूस उतरला. चेहरा असा, की कुणीतरी झोपेत उचलून आणलंय. तो मुरबाडच्या नवरदेवाचा मामा होता.

"मी यांना सांगलं," हिराबाय आम्हा सगळ्यांना उद्देशून म्हणाली, "आधी खर्डीची हलद. मंग तुमची. नाय तर मी इथंच उतरते. मंग बसा तुमी डीजे लावून."

"पन आजी, आमची हलद दुपारी..." मामा म्हणाले.

"आन आता काय वाजलंत?"

"दहा."

"मंग? दुपार व्हवाला येल हाय अजून. तवर ही जीप काढा बाहेर. वाटेत हाय."

मामा आणि त्यांची तीन माणसं, आमची दहा, आणि बंपर धरून काथोडबाबा (नुसता धरून). एका झटक्यात जीप खड्ड्याबाहेर! सकाळी दहाजणांना जमलं नाही ते मुरबाडने येऊन करून दाखवलं.

हिराबाय मांडवात गेली, पाटाजवळ बसली, आणि काजलला बाहेर बोलावलं. पहिल्याच ओळीला मांडवातली सगळी कुजबुज थांबली. मोबाइल हातात घेतलेली पोरंसुद्धा गप्प. आईने पदर डोळ्यांना लावला. पहिलं बोट हळदीचं कपाळाला लागलं तेव्हा साडेअकरा वाजले होते. मुहूर्त बाराच्या आतला होता, तो गाठला! मी खांबाआड उभा राहून सुटकेचा निःश्वास सोडला, आणि त्याच क्षणी हिराबायने काठी माझ्याकडे रोखली.

धवलारीण गाताना घरच्यांची नावं गुंफते, ही रीतच आहे. मामाचं नाव, आत्याचं नाव. त्या दिवशी तिने माझं गुंफलं:

"दारी उभी गाडी गो, दारी उभी गाडी,
भावाने तापवली गो, सूर्व्या यायच्या आधी.
पीठ फुगलं वड्याचं, फुगला गुरुनाथ भाव,
डिझेल गेलं सरून गो, लांब राह्यला गाव!"

काजल पाटावरून पडता पडता वाचली, इतकी हसली. तोंडाला हळद, दात पांढरे, डोळ्यांत पाणी. आई हसली, काका हसला (तो जरा जास्तच हसला), मुरबाडचे मामा टोपी काढून हसले. बायकांनी त्या ओळी तीनदा म्हणून घेतल्या. वडे असे टम्म फुगले होते की मामा सात खाऊन उठले आणि मावशीला म्हणाले, "बाई, आमच्याकडं पन अशी गाडी हाय, तापवावी काय?"

एकच्या सुमाराला हिराबाय निघाली. मी गाडीपर्यंत तिची पिशवी घेऊन गेलो. (काठीही घेत होतो, ती म्हणाली, "ती राहू दे, तुला मारवाला लागली तर?") मी तिच्या पाया पडलो.

"आजी, तुमी नसता तर आज काजलची हलद... मी तुमाला काय देऊ?"

"मला तुज्या आयेसनी लुगरं दिलंय. तुज्याकून काय घेवाचं?" ती बसली, पाय आत घेतले, आणि मग एकदम पोरीसारखं विचारलं, "तो बर्फ, तो खरंच कापसासारखा असतो क रे?"

"त्याच्यापेक्षा मऊ असतो, आजी. पन हात लावला का भाजल्यासारखं होतं."

"आन तिथं डोंगरात गायलं तर आवाज परत येतो क?"

"येतो. दोनदा येतो."

तिच्या मुरबाडच्या गाडीचं इंजिन सुरू होतं, मामा घड्याळ बघत होते. ती हळूच म्हणाली, "माजा आवाज मी कंदी परत ऐकला नाय."

आता मी परत इकडे आलोय. बाहेर बर्फ पडतोय आणि मी रोज सकाळी गाडी तापवतो, पण आता घड्याळ लावून, आणि आधी टाकीत काठी घालून डिझेल बघून. हिराबायला मी शब्द दिलाय. पुढच्या लग्नसराईआधी तिला इथे आणायचं, माझ्या खोलीत ठेवायचं, आणि समोरच्या डोंगरासमोर उभं करून तिला तिचा आवाज दोनदा ऐकवायचा. हे ऋण मी फेडणारच. परवा फोनवर तिला तसं सांगितलं, तर ती लगेच तयार झाली. फक्त स्टेशनापासून खोलीपर्यंतच्या गाडीची सोय तिची ती बघणार आहे.